चहातली गोळी, गुळाचा मोदक आणि साखरेचा डबा

पत्र :

ताई, नमस्कार. आमच्या घरी सध्या एका छोट्या डबीवरून वाद चालू आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, वजन ५८ किलो, मधुमेह नऊ वर्षांपासून. त्यांच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी नावं आहेत. त्यांना दिवसातून पाच वेळा चहा लागतो, तोही चांगला गोड, आणि बरोबर टोस्ट किंवा खारी. सहा महिन्यांपूर्वी मी त्यांची साखर बंद करून सुक्रालोजच्या गोळ्या सुरू केल्या, एका कपाला दोन. आता धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय की हे गोड विष आहे, यानं कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओनंच सांगितलंय. सासूबाई म्हणतात, “त्यापेक्षा मी गुळाचा चहा घेईन, गूळ बाधत नाही.” माझा आठ वर्षांचा मुलगा आजीच्या डबीतल्या गोळ्या दुधात टाकून पितो. मी वजन कमी करायचं म्हणून साध्या कोल्ड्रिंकऐवजी डाएट कोल्ड्रिंक घेते. मिस्टर सडपातळ आहेत, त्यामुळे ते बिनधास्त दोन चमचे साखर घालतात. आता गणपती तोंडावर आलेत. मोदक या सुक्रालोजचे करता येतील का? आणि मुळात सासूबाईंना हे देऊन मी चूक तर करत नाहीये ना?
– एक सून, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर :

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळ्या पत्रातली बोच तिथेच आहे. तुम्ही चूक करत नाही आहात. पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे रोजचे दहा चमचे. चहाच्या एका चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते. म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जात होती, तीही दिवसभर थोडी थोडी, रक्तातली साखर खाली यायला उसंत न देता. एवढी साखर तुम्ही काढलीत आणि त्यांचा चहा मात्र त्यांच्याकडे राहू दिलात. माझ्याकडे आहारासाठी येणाऱ्या घरांमध्ये मी बघते, की चहावरूनच भांडणं होतात आणि मग वडीलधारी माणसं स्वयंपाकघरात कोणी नसताना साखर खाऊ लागतात. तुमच्याकडे ते झालं नाही, याचं श्रेय तुमचं आहे.

आता ही गोळी म्हणजे काय, ते सांगते. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून नवी संयुगं बनवण्याचं काम चालू होतं. तिथे शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक होते. त्यांना एक संयुग तपासून बघायला सांगितलं गेलं आणि ऐकण्यात घोळ झाल्यामुळे त्यांनी ते चाखून बघितलं, अशी हकिकत सांगितली जाते. ते साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघालं. तेच सुक्रालोज. साखरेच्या रेणूत तीन जागी क्लोरीन बसला की आपल्या पाचकरसांना तो रेणू तोडता येत नाही. जिभेला गोडी कळते, पण सुमारे ८५ टक्के सुक्रालोज आतड्यातून तसंच शौचावाटे बाहेर पडतं आणि जे थोडं रक्तात शिरतं, ते जवळपास न बदलता लघवीतून निघून जातं. त्यातून ग्लुकोज तयार होत नाही, म्हणून रक्तातली साखरही चढत नाही.

किती चालेल, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. अशा प्रत्येक पदार्थाची, जन्मभर रोज घेतला तरी चालेल अशी एक मात्रा वजनावर ठरलेली असते. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीही अपाय दिसला नाही, तिच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढी ती ठेवतात. सुक्रालोजसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा किलोमागे रोज १५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेची जास्त कडक आहे, किलोमागे ५. आपण कडक मर्यादा धरू. सासूबाईंच्या ५८ किलोंना २९० मिलिग्रॅम झाले. एक चमचा साखरेची गोडी यायला आठेक मिलिग्रॅम सुक्रालोज पुरतं, काही पुड्यांत बारापर्यंत असतं. दहा गोळ्यांचे झाले ८० ते १२०. मर्यादेच्या निम्म्याच्याही आत. तुमच्या डबीवर गोळीमागचा आकडा छापलेला असेल, तो घेऊन एकदा गुणाकार करून बघा आणि तो कागद दिरांनाही दाखवा.

दिरांचा मेसेज अगदी हवेतून आलेला नाही. २०२३ मधल्या दोन वेगवेगळ्या बातम्यांची त्यात खिचडी झाली आहे आणि सासूबाईंच्या कपाला त्यातली एकही लागू पडत नाही. जुलै २०२३ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्याच आयएआरसी या संस्थेनं अॅस्पार्टेम या वेगळ्या कृत्रिम गोडीला ‘२बी’ या गटात टाकलं, म्हणजे ‘कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता आहे’ अशा गटात. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. त्याच वेळी वर सांगितलेल्या संयुक्त समितीनं अॅस्पार्टेमचा सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसानं डाएट कोल्ड्रिंकचे नऊ ते चौदा कॅन रोज प्यायले, तर ती ओलांडली जाते. आणि हे सगळं अॅस्पार्टेमचं, सुक्रालोज त्या चर्चेत नव्हतंच.

दुसरी बातमी मे २०२३ ची. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेला पर्याय म्हणून अशी कुठलीच बिनसाखरेची गोडी वापरू नये, कारण लांब पल्ल्यात तिनं चरबी कमी होताना दिसत नाही. त्याच सूचनेत स्पष्ट लिहिलं आहे, की ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. मेसेज पुढे पाठवताना नेमकं हेच वाक्य गळतं. ती सूचना तुम्हाला मात्र लागू आहे ताई, त्याकडे मी पुढे येते.

‘कॅन्सर’ हा शब्द या गोडीला चिकटलाय तो मात्र फार जुना आहे. सॅकरीन ही यातली जुनी कृत्रिम गोडी, ती १८७९ साली सापडली. १९७० च्या दशकात उंदरांना भरमसाट सॅकरीन दिल्यावर त्यांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या आणि १९७७ पासून अमेरिकेत डब्यांवर इशारा छापायचा कायदा झाला. पुढे कळलं की नर उंदरांच्या लघवीची घडणच वेगळी असते. तिच्यात त्या मात्रेला खडे धरतात, खड्यांनी मूत्राशयाचं अस्तर सोलवटतं आणि तिथे गाठी होतात. माणसात ही साखळीच घडत नाही. २००० साली तो इशारा काढून टाकला गेला. पण एकदा बसलेली भीती कायदा मागे घेतल्यानं जात नाही, ती पिढी ओलांडून येते. सासूबाईंच्या मनात ती असेल तर त्यांच्यावर चिडू नका. त्यांनी ऐकलं तेव्हा ते खरंच छापून येत होतं.

मग हे सगळं निर्धोक आहे, कुणीही कितीही घ्यावं, असं मी म्हणते का? नाही. २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं १२० निरोगी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरलेल्या मर्यादेच्या आतच, फक्त दोन आठवडे ही गोडी दिली होती. सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची ग्लुकोज हाताळायची क्षमता थोडी बिघडली, काहींची जास्त, काहींची अजिबात नाही, आणि त्याचा संबंध आतड्यातल्या जिवाणूंशी लागला. प्रयोग छोटा होता, पण मी तो बाजूला टाकत नाही. उलट बाजूला चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं आपल्याच देशातल्या मधुमेही माणसांच्या चहा-कॉफीतली साखर काढून तिथे बारा आठवडे सुक्रालोज दिलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी त्यानं बिघडली नाही, वजन आणि कंबरेचा घेर किंचित उतरला. दोन्ही शेजारी ठेवून माझं मत असं झालंय : ज्यांच्या कपात नाहीतर साखर पडणारच आहे अशा मधुमेही माणसासाठी ही गोळी चांगली सोय आहे. ज्यांना तिची गरज नाही त्यांनी उगाच तिच्या वाटेला जाऊ नये. सासूबाईंनाही दोनाच्या दीड आणि दीडाची एक, असं हळूहळू उतरवून बघा. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते.

गुळाबद्दल मला ठाम बोलायचंय. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास. गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण चहात पडणाऱ्या खड्यातून मिळतं ते नगण्य. रक्तातली साखर गुळानं चढते ती साखरेसारखीच. मध, खडीसाखर, काकवी यांचंही तेच. त्यांना हे वाद घालून पटणार नाही, तेव्हा घरात ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस गुळाचा चहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गोळीचा चहा द्या, दोन्ही वेळा तासाभरानं बोटातून थेंब घेऊन तपासा. आकडे त्यांनाच वाचू द्या.

आणि टोस्ट-खारी! पत्रात तुम्ही हे ओघात लिहिलंत, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. दोन टोस्टमधल्या मैद्या-साखरेतून तीन चमचे साखरेइतकं ग्लुकोज सहज तयार होतं. चहातले दोन चमचे वाचवले आणि बशीतून तीन गेले, तर एचबीएवनसी हलायची नाही आणि दोष मात्र गोळीवर येईल. खारीत त्यावर तूप-डालडा आणखी. पाचांतल्या दोन चहांबरोबर मूठभर फुटाणे किंवा थोडे भाजलेले शेंगदाणे ठेवा, बाकीचे तीन चहा नुसते. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांतही पीठ असतंच. लक्ष्मी रस्त्यावर आणि आता प्रत्येक उपनगरात मिळणाऱ्या ‘शुगर फ्री’ मिठाया नीट विचारून घ्या. खजूर-अंजिराच्या वड्यांत वरून साखर नसते, पण खजुराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो. काहींमध्ये माल्टिटॉल घातलेलं असतं. त्यात साखरेच्या निम्म्याच्या आसपास कॅलरी असतात, साखर थोडी चढतेच आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. पाकिटावर ९६५ आकडा दिसला की ते माल्टिटॉल. ९५५ सुक्रालोज, ९५१ अॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९६० स्टीव्हिया. ९६७ म्हणजे झायलिटॉल, आणि घरात कुत्रा असेल तर ते त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेततं.

आता मी सगळ्यात जास्त काळजीनं लिहितेय ते वाचा. तुमच्या पत्रात याबद्दल प्रश्न नव्हता, पण गोळीतली औषधांची नावं वाचल्यापासून माझ्या मनात हेच आहे.

ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही रोजची चाळीस-पन्नास ग्रॅम साखर काढून घेतलीत, औषधाचा डोस मात्र तोच असेल तर साखर एकदम खाली जायची शक्यता वाढते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, विनाकारण चिडचिड, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणं दिसली की आधी ग्लुकोमीटर. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल आणि लक्षणं अशीच असतील, तर लगेच साखर द्यायची. अशा वेळी त्यांच्या नेहमीच्या गोळीचा गोड चहा दिला तर काहीच उपयोग होणार नाही. तो जिभेला गोड लागेल, रक्तात काही पोचणार नाही आणि मोलाची पंधरा मिनिटं वाया जातील. गोड प्यायल्या म्हणून घरच्यांना हायसं वाटतं आणि आकडा खालीच जात राहतो, यात खरा धोका आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. व्होग्लिबोज हे औषध आतड्यात साखर फुटण्याचा वेग कमी करतं, त्याचं कामच ते. त्यामुळे ते घेणाऱ्या माणसाला घरातली साखर किंवा पेढा दिला तर परिणाम उशिरा होतो. त्यांना थेट ग्लुकोज लागतं. औषधाच्या दुकानातून साध्या ग्लुकोज पावडरचा डबा आणा. तीन-चार चमचे अर्धा कप पाण्यात ढवळून पाजायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आकडा सत्तरच्या वर आला नसेल तर तेवढंच पुन्हा, आणि वर आला की पोळी-भाजी किंवा भात खायला द्यायचा. पावडर नसेल तर साखरेचं पाणी द्या, काहीच न देण्यापेक्षा ते बरं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं. ग्लुकोजचा डबा त्यांच्या पलंगाजवळ एक आणि पर्समध्ये एक पुडी, असं ठेवा. ते कुठे आहे हे मुलालासुद्धा माहीत हवं, कारण दुपारी घरात आजी आणि तोच असतील. आणि साखरेचा डबा घरातून हद्दपार करू नका.

गणपतीच्या आदल्या दिवशी हरितालिका येते. सासूबाई कडक उपास करत असतील, तर त्याआधी डॉक्टरांना फोन करून त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते विचारून घ्या. मनानं गोळी बंद करू नका आणि उपाशीपोटी ती देऊही नका. त्याच फोनमध्ये हेही सांगा, की सहा महिन्यांपासून चहातली साखर बंद आहे. डॉक्टरांना हे माहीत नसेल तर डोसचा विचार ते कुठल्या आधारावर करणार?

मुलाचं सोपं आहे. त्याला या गोळ्या नकोत. त्यानं आजवर घेतल्या त्यानं काही बिघडलं असं समजून घाबरू नका, पंचवीस किलोच्या मुलालाही कडक मर्यादेनं रोज १२५ मिलिग्रॅम चालतात. पण त्याला मधुमेह नाही, आणि साखरेच्या कित्येक पट गोडीची सवय या वयात लावायचं काही कारण नाही. मुलांसाठी याची शिफारस नाही, ही ओळ बहुतेक डब्यांवर छापलेली असते, ती त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. दुधात साखर आज एक चमचा असेल तर अर्धा करा, पंधरा दिवसांनी पाव. डबी उंचावर ठेवा आणि आजीची ती औषधासारखी वस्तू आहे असं सांगा.

तुमचं डाएट कोल्ड्रिंक. साध्या कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, तेव्हा रोज ते पिणाऱ्यानं डाएटवर येणं हा फायदाच. पण तुम्ही वजनासाठी ते घेताय, आणि वजनाच्या बाबतीत लांब पल्ल्याचा फायदा दिसलेला नाही हेच ती मे २०२३ ची सूचना सांगते. माणूस एकीकडे वाचवलेल्या कॅलरी दुसरीकडे वसूल करतो, हे मी रोज बघते. आठवड्यातून एखादं प्यायलात तर मी काही म्हणणार नाही. रोजच्यासाठी ताक, बिनसाखरेचं कोकम किंवा मीठ-जिऱ्याचं लिंबूपाणी घ्या. अॅस्पार्टेमची आणखी एक सूचना पाकिटांवर असते, फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांनी ते घेऊ नये. तो आजार दुर्मीळ आहे. आणि कधी घरात कुणी गरोदर असेल तर सॅकरीन टाळा, ते वारेतून बाळापर्यंत पोचतं.

यजमानांचं मात्र मला खटकलं. आईला मधुमेह, म्हणजे मुलाला धोका आहेच, आणि सडपातळ असणं हे त्यापासून संरक्षण नाही. हे जगाला दाखवून देणाऱ्यांत आपल्या पुण्याचेच डॉक्टर आघाडीवर आहेत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बाहेरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते ती अशी. तुमच्या मिस्टरांना या महिन्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करायला लावा. एचबीएवनसी ५.७ च्या खाली आलं तर उत्तम, ५.७ ते ६.४ मध्ये आलं तर तो मधुमेहाचा उंबरठा आहे, आणि तिथून चाल, व्यायाम, आहार यांनी मागे फिरता येतं. त्यांना सुक्रालोजच्या गोळ्या सुचवू नका. ते दोनाचा एक चमचा करू शकतात, त्यांच्या हातात ते आहे.

आता मोदक. सुक्रालोज उष्णतेत टिकतं, त्यामुळे उकळत्या चहात घातलं तरी चालतं. अॅस्पार्टेमचं तसं नाही, ते उकळलं की गोडी मरते, म्हणून ते कपात ओतल्यावर घालायचं. पण सुक्रालोजलाही मर्यादा आहे. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये बजावलं, की १२० अंशांच्या वर तापवल्यास त्यातून क्लोरीनयुक्त अपायकारक संयुगं तयार होऊ शकतात. म्हणून नानकटाई, केक, तव्यावर भाजायच्या गोड पोळ्या यांत ते नको. खीर गॅसवरून उतरवून घातलंत तर छान. श्रीखंडात तर उत्तमच, कारण तिथे आचच नाही. फक्त चक्क्याला साखरेनं जे पाणी सुटतं ते इथे सुटत नाही, तेव्हा दोन चमचे दूध घालून फेटा. मोरांब्यासारख्या प्रकारांच्या मागे मात्र लागू नका. तिथे साखर गोडीबरोबर टिकवण्याचं कामही करते, ती काढली की चार दिवसांत बुरशी.

उकडीचा मोदक वाफेवर, शंभर अंशांत होतो, म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न नाही. अडचण सारणाची आहे. गूळ वितळून खोबऱ्याला धरून ठेवतो, ओलावा देतो, रंग आणि वास देतो. गोळीची पूड घातलेलं खोबरं कोरडं, सुटसुटीत राहतं आणि पारीतून सांडतं. आणि पारी तांदळाची, ती साखर चढवणारच. म्हणून मी तुमच्या जागी असते तर गूळच घातला असता, नेहमीच्या पाऊणपट, वर वेलची आणि जायफळ जरा सढळ हातानं. मोदक आकारानं लहान. सासूबाईंना दोन मोदक, साजूक तुपासकट, आनंदानं वाढा, त्या दिवशी त्यांच्या पानात वरण-भाताची मूद नको. सुरुवात कोशिंबीर आणि अळूच्या फतफत्यानं, मोदक शेवटी. नैवेद्याचं जेवण उशिरा होतं, तेव्हा सकाळच्या गोळीनंतर पूजेपर्यंत त्यांना उपाशी बसू देऊ नका, आणि व्होग्लिबोज असलेली गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते हे लक्षात असू द्या. जेवणानंतर दोन तासांनी एकदा बोट टोचून आकडा डायरीत लिहून ठेवा. एका दिवसाचा आकडा जरा वर गेला तर घाबरायचं कारण नाही, पण १८० च्या बराच वर असेल तर गौरींच्या जेवणाच्या दिवशी दोनाचा एक मोदक करा.